माझ्या अभिनंदनाचा बारा बाय आठ

माझ्या अभिनंदनाचा बारा बाय आठ फुटी फ्लेक्स भर चौकात लागलाय, आख्ख्या मावळात असा दुसरा पेंटर दाखवा. तो फ्लेक्स मीच छापला, मीच बांधला, आणि ज्याबद्दल अभिनंदन व्हतं ते काम अजून झालंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी त्या फ्लेक्सखाली उभा व्हतो. वर माझं चार फुटी तोंड. शेजारी मोठ्या अक्षरात, 'देशाच्या नकाशावर निवड झाल्याबद्दल सुप्रसिद्ध डिझायनर दत्ताभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. आणि कानाला मोबाईल. मोबाईलमधून रेवती मॅडम बोलत व्हत्या.

"दत्ताभाऊ, मी लोणावळ्याला उतरतेय दहा वाजता. आधी तुमचं काम बघते. मग ठरवू, नकाशात घ्यायचं की नाही ते."

'मग ठरवू' ऐकलं आणि माझं हसू गेलं. वर बघितलं तर मी हसत व्हतो.

थांबा, आधी माझं काम सांगतो. मी दत्तू पेंटर. कामशेतच्या अलीकडं रस्त्याला माझं दुकान हाय. शाळा चौथीत सुटली. खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं. हे जे तुमी वाचताय ते बी मी मोबाईलमधे बोललोय, त्यानं टाईप केलंय. अक्षर मला काढता येतं, लय झकास येतं. वाचायलाच तेवढा वेळ लागतो. आधी ब्रश मारायचो. मंग फ्लेक्स आला. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिक चढवलेलं कापड. मशीनमधून छापून निघतं. कडेला धातूच्या रिंगा मारायच्या, रिंगांत सुतळी घालून बांबूच्या चौकटीला ताणून बांधायचं. झाला बोर्ड. माल दोन तऱ्हेचा. जाड माल दुकानाच्या बोर्डाला, तो वर्सभर टिकतो. हलका माल वाढदिवसाला, कारण वाढदिवस एकच दिवस असतो.

प्रत्येक फ्लेक्सच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात माझं नाव आणि नंबर टाकतो. त्या नंबरावरच मॅडमचा पहिला फोन आलता, पंधरा दिवसांमागं.

त्या म्हणल्या, "आम्ही देशातल्या कम्युनिकेशन डिझाइनवाल्यांचा नकाशा करतोय."

मी म्हणलं, "ब्येस." मला काय कळलं नव्हतं.

मॅडमनी समजावलं. चित्र, अक्षर आणि रंग वापरून माणसाला काहीतरी सांगायचं, हे ज्याचं काम तो कम्युनिकेशन डिझायनर. पाट्या, पोस्टर, पुड्यांवरची चित्रं, मोबाईलमधली बटणं, सगळं त्यात आलं. देशात असं काम करणारा जिथं सापडंल तिथं नकाशावर लाल ठिपका. ठिपका लहान का मोठा, ते इम्पॅक्टवर. इम्पॅक्ट म्हणजे तुमच्या कामामुळं कुणाच्या जगण्यात काय फरक पडला ते.

"मुंबईत ठिपकेच ठिपके आहेत, पुण्यातही आहेत," मॅडम म्हणल्या. "मधे मात्र सगळं कोरं. मावळातून तुम्हाला घ्यायचा विचार आहे."

विचार हाय म्हणजे झालंच की. आमच्याकडं पोरीला बघायला येणार म्हणून निरोप आला की आमी मांडववाल्याला इसार देऊन मोकळे व्हतो. मी ती बातमी तात्याला सांगितली. चौकातल्या चहाच्या हाटेलाचा मालक तो, आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मावळातल्या निम्म्या फ्लेक्सवर तात्याचं तोंड हाय. वाढदिवस कुणाचा बी असो, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत पहिला फोटो तात्याचा. माझ्या कंप्युटरमधे त्याचा फोटो कायम उघडाच असतो, कोण कधी जन्माला येईल सांगता येत न्हाई.

तात्या म्हणला, "दत्त्या, तू दुनियेचे फ्लेक्स काढलेस. तुजा कुणी काढला? काढ बारा बाय आठ! शुभेच्छुकात माझा फोटो जरा मोठा घे."

घरचंच काम, म्हणून रोलच्या शेवटी उरलेला हलका माल वापरला. आणि टांगला.

तर मंगळवार. मी तात्याला म्हणलं, "तात्या, फ्लेक्स उतरवू दे. मॅडमनी अजून ठरवलं न्हाई. हे बघितलं तर हाकलून देतील मला."

"उतरवतो? दुपारी माझे व्याही यायचेत. त्यांना दाखवायला ठेवलाय."

"त्यांना कशाला माझा फ्लेक्स?"

"तुजा कुटं? त्यात मी किती मोठा आलोय बघ की. हे बघ दत्त्या, आता एकच कर. संध्याकाळपर्यंत ठिपका घेऊन ये. न्हाईतर ह्या चौकात चहा प्यायला येऊ नको, लोक कपात बघून हसतील."

म्हणजे झालं काय, की फ्लेक्स वर आणि इज्जत त्याला टांगलेली. मी गाडीला किक मारली आणि लोणावळ्याला गेलो.

मॅडम स्टेशनबाहेर उभ्या व्हत्या. वय तीस-बत्तीस, निळा रेनकोट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला टॅबलेट. बसल्या मागं आणि म्हणल्या, "तीन कामं दाखवा. तुमचं बोलणं नको, लोकांचं ऐकायचंय."

मी मनात म्हणलं, लोकांचं ऐकायचंय, मग मेलो.

पहिलं काम भुशीचं. धरणाच्या वाटेला मक्याच्या कणसाचे स्टॉल लागतात. त्या स्टॉलवाल्यांनी मिळून माझ्याकडून पाटी करून घेतलेली. पिवळ्यावर काळं, वर बुडत्या माणसाचा हात, खाली 'धोका! येथे पाण्यात उतरू नये'. तो हात मी आठ दिवस घोटून काढलाय. माझाच हात आरशात बघून.

आमी पोचलो तर पाटी दिसंना. पाटीवर चार टीशर्ट, दोन पँटी आणि एक टॉवेल वाळत घातलेला. धुक्यात वाळत काय व्हतं ते त्यांनाच ठावं. मी पँट बाजूला केली, तर चित्रातल्या हाताखाली एक नवरा बायकोला उभं करून फोटो काढत व्हता. बायको बी पाटीतल्यासारखा हात वर करून हसत व्हती.

मॅडमनी त्यांना विचारलं, "पाटी वाचलीत?"

"हो, मस्त आहे," बाई म्हणल्या.

तेवढ्यात एक पोरांचा घोळका आला. मक्याच्या स्टॉलवर विचारलं, "मावशी, पाण्यात कुठून उतरायचं?"

मावशीनं कणीस फिरवत हात लांब केला. "ती पिवळी पाटी दिसती ना? तितं समदे उतरत्यात."

मी मॅडमकडं बघितलं न्हाई. मॅडमनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं.

"काय लिवलं?" मी विचारलं.

"पाटीमुळे लोकांना उतरायची जागा कळते."

"मॅडम, इम्पॅक्ट तर हाय ना?"

"आहे. उलटा आहे."

मी त्या पोरांना हाका मारून मारून मागं घेतलं, वर मावशीला बी दोन शब्द सुनावले. मावशी म्हणली, "मंग पाटी दुसरीकडं लाव की." बरोबर व्हतं तिचं.

दुसरं काम औंढ्याचं. तितं किसनआबांचं शेत रस्त्याला लागून हाय. शनिवार-रविवार आला की फिरायला आलेले लोक आबांच्या बांधावर गाड्या लावायचे. आबांनी माझ्याकडून पाटी केली, 'खाजगी जागा. येथे गाडी लावू नये'. खांब मी स्वतः खोल गाडलेला.

आबा घोंगडी घेऊन बांधावर बसले व्हते. पाटीच्या खांबाला म्हस बांधलेली.

मॅडम वाकून म्हणल्या, "आबा, ह्या पाटीमुळे काही फरक पडला का?"

"पडला की! लय पडला!"

मी मॅडमकडं बघून छाती काढली.

आबा म्हणले, "आधी म्हस सुटायची. आता न्हाई सुटत. दत्तूनं खांब लय घट गाडलाय."

"आणि गाड्या? गाड्या लागायच्या थांबल्या का?"

"आता न्हाईत लावत हितं."

"बघा मॅडम!" मी म्हणलं.

"म्हस शिंग मारती," आबा म्हणले. "दोन काचा फोडल्या तिनं. तवापासनं समदे लांब लावत्यात."

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की टॅबलेटची पिशवी चिखलात पडली. मी बी हसलो. काय करणार? पाटी माझी, खांब माझा, आणि इम्पॅक्ट म्हशीचा.

"दत्ताभाऊ," त्या डोळे पुसत म्हणल्या, "तुमचं अक्षर खरंच सुंदर आहे. पण मला कुणाच्या तरी जगण्यातला फरक दाखवावा लागतो. आता एकच काम उरलं. ते दाखवा, नाहीतर मला कोरंच ठेवावं लागेल."

माझ्या डोळ्यापुढं तात्या आला. तात्याचे व्याही आले. हसणारे कप आले.

शेवटचं काम वडिवळ्याचं. तितं मी गेल्या महिन्यात आरोग्याचा फ्लेक्स लावला व्हता. 'पाणी उकळून प्या'. मोठं पातेलं, खाली जाळ, वर वाफ. वाफ इतकी खरी की मला बी चहाची आठवण आली व्हती. मी सगळ्या वाटंनं मॅडमना वाफेचंच सांगत गेलो. लोकांनी बघितलं की पातेलं चुलीवर चढवलंच असणार, असं बोललो. माझ्या तोंडाला कुणी रिंगा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोचलो. बांबूची चौकट उभी. चार कोपऱ्यात सुतळीचे चार तुकडे. मधे फ्लेक्स न्हाई. चौकटीतून पलीकडचा डोंगर दिसत व्हता.

"कुठाय?" मॅडम म्हणल्या.

आमच्या धंद्यात फ्लेक्स गायब व्हणं नेहमीचं. कुटं जातात मी कधी विचार केला न्हाई. मला वाटायचं, चाहते घरी नेत असतील.

मी तिथंच चौकटीखाली दगडावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चौकातला फ्लेक्स, चार फुटी तोंड, तात्या, व्याही, सगळं. म्हणलं, "मॅडम, ठिपका लय बारका द्या. मुंगीएवढा. पर द्या."

 मॅडम माझ्याकडं बघतच नव्हत्या. चौकटीतून पलीकडं बघत व्हत्या, तोंड उघडं ठेवून.

मी वळलो. खाली भाताच्या खाचरात लावणी चालली व्हती. पाऊस धो धो, धुकं गुडघ्यापर्यंत. आणि त्या धुक्यातून तात्या आमच्याकडं येत व्हता. हसत. हात जोडून. त्याच्या बाजूला एक बाळ, पहिल्या वाढदिवसाची टोपी घातलेलं. त्याच्या बाजूला एक नवरदेव, अर्धाच. मंग माझं पातेलं, वाफेसकट. पलीकडं अजून एक तात्या. सगळे एका ओळीत, डुलत डुलत, मागं मागं सरकत येत व्हते.

लावणी करताना बाया वाकून मागं सरकतात. पाठीवर पावसासाठी इरलं घेतात. इरलं म्हणजे डोक्यापासनं कमरेपर्यंतचं टोपलीसारखं छप्पर. पूर्वी बांबूच्या सांगाड्यावर पानं लावून करायचे. आता त्या सांगाड्यावर माझे फ्लेक्स लागले व्हते.

"दत्ताभाऊ!" मॅडम ओरडल्या, आणि बुटासकट खाचरात उतरल्या. पहिल्याच पावलाला एक बूट चिखलानं ठेवून घेतला. त्यांना फिकीर न्हाई. मी बूट हुडकत मागं मागं.

ओळीच्या मधोमध असलेली बाई ताठ झाली. पाठीवर पातेलं. हिराबाई तिचं नाव, डोंगराकडच्या वाडीची, साठीची असंल. मला वळखत व्हती, मागं तिच्या वाडीच्या देवळाचा कळस मी रंगवलाय.

"दत्तू, ह्या बाईचा बूट गेला का काय?" ती म्हणली.

"मावशी, ही इरली कुणी केली?" मॅडमनी विचारलं.

"म्या केली. समद्यांची म्याच करती."

"फ्लेक्स का घेतला?"

"पानी गळत न्हाई, आनि फुकाट हाय." मग मावशीनं हातातली रोपाची मूठ खाली टाकली आणि पाठ वळवून दाखवायला लागली. "हे बगा. बारा बाय आठच्यात पाच निगत्यात. दत्तू ह्या कडंला रिंगा मारतो, त्यातनं दोरी घालून कमरंला बांधायची. शिवायची गरजच न्हाई. काळा रंग लय असलेला घेत न्हाई, उघडीप झाली की तापतो. आनि तोंड मधे आलं पायजे. तोंड कापायचं न्हाई."

"का? तोंड का नाही कापायचं?" मॅडम पुढं सरकल्या.

मी म्हणलं, "मान म्हणून, मॅडम. मोठ्या माणसाचा फोटो कसा कापणार?"

"कसला मान," मावशी म्हणली. "ह्या धुक्यात वाकलेली बाई मागनं कोन वळकाया येती का? समद्या सारक्याच. आमी सावडीनं काम करतो, आज हिच्या रानात, उद्या तिच्या. धा घरच्या बाया. आधी लय घोटाळा व्हायचा, मूठ हिला फेकायची तर तिच्या अंगावर. कोन दमली, कोन मागं ऱ्हायली, काय कळायचं न्हाई. आता येकीला येक तोंड दिलंय. बगा." आणि तिनं हाळी दिली, "ए बाळ! कंबर धरली का तुजी? बांधावर बस जा जरा!"

टोपीवालं बाळ ताठ झालं. आतून पन्नाशीची बाई निघाली आणि बांधावर जाऊन टेकली.

"ए तात्या!" दुसरीकडून हाळी आली. "फुडचा न्हवं, पाठचा! मूठ दे की हिकडं!"

पाठच्या तात्यानं मूठ फेकली. बरोबर नवरदेवाच्या हातात.

मॅडम खाचरातच टॅबलेट काढून बसल्या म्हणाल तर बसल्याच. पावसात त्यांचं बोट नाचत व्हतं. "चित्रावरून माणूस ओळखायचं. लांबून, धुक्यातून. कामाची विभागणी. दमलेलीला विश्रांती. दत्ताभाऊ, हे बघताय का तुम्ही? हा इम्पॅक्ट!"

माझा आनंद आभाळात माईना. मी चिखलातच दोन उड्या मारल्या. "मग लिवा मॅडम! दत्तू पेंटर! फ्लेक्स सगळे माझेच, कोपऱ्यात नाव बघा!"

मॅडम थांबल्या. "फ्लेक्स तुमचे. पण हे डिझाइन हिराबाईंचं आहे."

मी मावशीच्या पाठीवर माझं नाव हुडकलं. इरल्याच्या खाली, कमरेपाशी दुमडलेल्या जागी गेलं व्हतं.

मावळातला पहिला लाल ठिपका वडिवळ्याच्या त्या खाचरात पडला. बऱ्यापैकी मोठा. मॅडमनी मावशीला विचारलं, "चालेल ना?"

मावशी म्हणली, "ठिपका दिल्यावर काय करावं लागतं?"

"काहीच नाही."

"मंग द्या. आनि आता बाजूला व्हा, तुमी रोपावर हुब्या हाय."

परत येताना गाडीवर मी गप्प. मी गप्प असणं हा आमच्या भागात बातमीचा विषय हाय. मॅडमनीच म्हणलं, "तुमचा तो चौकातला फ्लेक्स मला बघायचाय."

चौकात तात्या हार घेऊन तयार. शेजारी व्याही. मॅडम गाडीवरून उतरल्या, एका पायात बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. वर माझं तोंड बघितलं, खाली मला बघितलं.

"मॅडम, पडला ना ठिपका?" तात्यानं विचारलं.

"पडला. हिराबाईंचा."

तात्यानं हार हळूच मागं घेतला. "आन आमचा दत्त्या?"

सगळा चौक माझ्याकडं बघत व्हता. मी वर बघितलं, तर मी एकटाच हसत व्हतो.

मॅडमनी टॅबलेट पुसला. "नकाशात अजून एक रकाना आहे. डिझायनरला ज्यांच्याकडून सामान मिळतं, त्यांचा. मटेरियल सप्लायर. राखाडी ठिपका असतो. हिराबाईंच्या लाल ठिपक्याला चिकटून. द्यायचा का?"

"द्या!" मी मॅडमचं वाक्य संपायच्या आत म्हणलं.

व्याही तात्याला म्हणले, "पर हितं तर डिझायनर लिवलंय."

त्याला आमच्या धंद्यात इलाज हाय. फ्लेक्सवर चूक झाली की तेवढाच तुकडा नवा छापून वरून चिकटवायचा. त्याला पॅच म्हणतात. तासाभरात पॅच मारला. 'सुप्रसिद्ध मटेरियल सप्लायर दत्ताभाऊ'. तात्यानं हार घातला, व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी एका बुटावर फोटो काढला. तात्या फोटोत माझ्यापुढं उभा व्हता.

नकाशा आता मोबाईलवर दिसतो. माझा ठिपका बघायचा तर दोन बोटांनी इतकं मोठं करावं लागतं की तंवर देश बाजूला जातो आणि नुसतं वडिवळं उरतं. तिथं हिरामावशीच्या लाल ठिपक्याच्या कडंला राखाडी काहीतरी चिकटलेलं दिसतं. स्क्रीन पुसू नका, तो मी हाय.

ह्यातनं मी चार गोष्टी धरल्या. भुशीची पाटी काढून पाण्यापासनं लांब, वाटेच्या तोंडाला लावली, आणि म्हशीवाल्या आबांना दुसरा खांब फुकट गाडून दिला. आणि आता प्रत्येक फ्लेक्सवर तोंड मधे घेतो, काळा रंग कमी टाकतो. गिऱ्हाईक विचारतं का म्हणून. मी सांगतो, पुढच्या वापराला बरं पडतं.

मॅडम गेल्यावर चौथ्या दिवशी माझा अभिनंदनाचा फ्लेक्स चौकातून गायब झाला. तात्या म्हणला, तक्रार करू. मी म्हणलं, थांब, मला पत्ता ठावा हाय.

दोन दिवसांनी वडिवळ्याला गेलो. लावणीचं शेवटचं खाचर राहिलं व्हतं. धुक्यातून माझं चार फुटी तोंड माझ्याकडंच येत व्हतं, हसत, पॅचसकट. खरं सांगतो, हार घातला तेव्हा बी एवढं भारी वाटलं नव्हतं. मी बांधावरून ओरडलो, "मावशी! मला तुमीच घेतलं व्हय? कसं काय वाटतंय?"

हिरामावशी ताठ झाली. मान मागं वळवली. नाकावरून पावसाची धार चालली व्हती. माझ्या कपाळापाशी लांबच्या लांब फाटलेलं, त्यातून तिचा खांदा ओला झालेला दिसत व्हता.

"दोन दिसात फाटलास," ती म्हणली. "सोताच्या कवतिकाला तरी जाड माल वापरायचा की रं."